बी नेटवर्क (ग्रेटर मँचेस्टर)

बी नेटवर्क ही इंग्लंडच्या वायव्येकडील ग्रेटर मँचेस्टर या महानगर प्रदेशाची एकत्रित सार्वजनिक वाहतूक व्यवस्था आहे. बस, ट्राम, सायकलमार्ग आणि पादचारी मार्ग तिच्यात येतात. बस कुठून कुठे जाईल, किती वेळाने येईल आणि तिकीट किती असेल, हे ठरवण्याचा हक्क खाजगी कंपन्यांकडून लोकनियुक्त स्थानिक सत्तेकडे परत आला, यात तिचे महत्त्व आहे. ‘बी’ म्हणजे मधमाशी; पिवळ्या-काळ्या गाड्यांवरची ही मधमाशी हे मँचेस्टरच्या कष्टकऱ्यांचे जुने प्रतीक.

मँचेस्टरच्या नगरपालिकेने 1901 मध्ये स्वतःची विजेची ट्राम सुरू केली. 1969 मध्ये परिसरातील अकरा पालिकांच्या बससेवा एका प्रादेशिक यंत्रणेखाली आल्या. ही घडी 1986 मध्ये दोन बाजूंनी मोडली. मार्गारेट थॅचर सरकारने ग्रेटर मँचेस्टरची काउंटी कौन्सिल, म्हणजे सगळ्या प्रदेशाची निवडून आलेली परिषद, बरखास्त केली आणि 1985 च्या परिवहन कायद्यानुसार 26 ऑक्टोबर 1986 पासून लंडन वगळता ब्रिटनभर बस वाहतूक नियंत्रणमुक्त झाली. कोणत्याही परवानाधारक कंपनीने नोंदणी करून हव्या त्या मार्गावर गाडी सोडावी, नको असेल तेव्हा बंद करावी, असा नियम झाला. परिणाम अपेक्षित तोच झाला. विद्यापीठाकडे जाणाऱ्या विल्म्स्लो रोडवर अनेक कंपन्यांच्या बसगाड्यांची रीघ लागली, तर कडेच्या वस्त्यांतल्या संध्याकाळच्या आणि रविवारच्या फेऱ्या आटत गेल्या. तोट्यातली फेरी टिकवायची तर अनुदान सार्वजनिक तिजोरीतून, फायद्याचा मार्ग मात्र कंपनीचा. ही वाटणी अन्यायाचीच होती. लंडनमध्ये मार्ग आणि भाडे सार्वजनिक संस्थेच्याच हाती राहिले, त्यामुळे दुसरी रीत चालू शकते याचा पुरावा देशाच्या राजधानीतच होता.

ट्रामची गोष्ट वेगळी. 1992 मध्ये सुरू झालेली मेट्रोलिंक सार्वजनिक मालकीचीच आहे, फक्त ती चालवण्याचे कंत्राट दिले जाते. 2008 मध्ये मतदारांनी गर्दी-शुल्काचा, म्हणजे गर्दीच्या वेळी शहरात येणाऱ्या वाहनांकडून पैसे घेऊन वाहतूक सुधारण्याचा, प्रस्ताव मोठ्या बहुमताने फेटाळला. तरीही ग्रेटर मँचेस्टरच्या आताच्या दहाही पालिकांनी पुढच्या वर्षी एकत्रित निधी उभारला आणि ट्रामचे जाळे वाढवले. एकमेकांशी भांडण्याऐवजी पैसा एकत्र करण्याची ही सवय पुढे निर्णायक ठरली. 2011 मध्ये या पालिकांचे संयुक्त प्राधिकरण स्थापन झाले, 2014 मध्ये केंद्र सरकारशी अधिकार-हस्तांतरणाचा करार झाला आणि 2017 मध्ये अँडी बर्नहॅम पहिले थेट निवडून आलेले महापौर झाले. त्याच वर्षीच्या बस सेवा कायद्याने अशा प्राधिकरणांना फ्रँचायझी पद्धत लागू करण्याची मुभा दिली.

या पद्धतीत प्राधिकरण मार्ग, वेळापत्रक, भाडे आणि दर्जा ठरवते. कंपन्या निविदा भरून ठरावीक मोबदल्यावर गाड्या चालवतात. तिकिटाचे उत्पन्न प्राधिकरणाकडे जाते आणि प्रवासी घटले तर झळही त्यालाच बसते. आगारेही सार्वजनिक मालकीची करण्यात आली, कारण आगार ज्याचे त्याचीच निविदा वरचढ ठरते.

महापौरांनी मार्च 2021 मध्ये ही पद्धत लागू करण्याचा निर्णय घेतला. स्टेजकोच आणि रोटाला या कंपन्यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. 2022 मध्ये उच्च न्यायालयाने ते फेटाळले, रोटालाचे अपीलही नामंजूर झाले. पुढे रोटालाच्या डायमंडने आणि स्टेजकोचने याच व्यवस्थेत कंत्राटे मिळवली.

24 सप्टेंबर 2023 रोजी बोल्टन आणि विगन भागांतून सुरुवात झाली. मार्च 2024 मध्ये ओल्डहॅम, रॉचडेल आणि उत्तर मँचेस्टरची पाळी आली. 5 जानेवारी 2025 रोजी उरलेला दक्षिण भाग सामील झाला. इंग्लंडमधील बसच्या एका फेरीची भाडेमर्यादा 3 पौंडांवर गेली तरी येथे एका फेरीचे प्रौढ भाडे 2 पौंडच ठेवले गेले. मार्च 2025 पासून बस आणि ट्राम दोन्हींत बँक कार्ड टेकवून प्रवास करता येतो आणि दोन्हींचे मिळून ठरावीक कमाल रकमेपुढे भाडे कापले जात नाही.

मर्यादा आहेतच. महापौरांच्या वाट्याचा स्थानिक कर आणि पालिकांची वर्गणी यांवर सगळा गाडा चालत नाही. मोठा भांडवली निधी लंडनच्या सरकारकडून मिळवावा लागतो. रेल्वेही अजून प्रदेशाच्या हाती नाही. मुंबईत बेस्ट 1947 पासून पालिकेची असली तरी लोकल गाड्या केंद्राच्या रेल्वे मंत्रालयाकडे आहेत, त्यामुळे ही अडचण मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. आठ उपनगरी रेल्वेमार्ग 2028 पर्यंत बी नेटवर्कमध्ये आणण्याची योजना आहे. दरम्यान लिव्हरपूल आणि वेस्ट यॉर्कशायर या प्रदेशांनीही बससाठी हाच मार्ग स्वीकारला आहे.