गारमेंट कारखाना बंद पडतोय? राजीनामा नको, अर्ज द्या

फाटकाला कुलूप लागण्याआधी बऱ्याच ठिकाणी एकच प्रकार होतो. सुपरवायझर एकेका लाइनमधल्या बायकांना ऑफिसात बोलावतो, छापील कागद पुढे सरकवतो आणि म्हणतो, "सही करा, हिशेब लगेच मिळेल." कागदावर लिहिलेलं असतं 'स्वखुशीने राजीनामा'. ती सही झाली की बंदची भरपाई आणि ईएसआयचा (कामगार राज्य विमा) बेकारी भत्ता, दोन्ही अडकतात.

काय मिळतं, कोणाला

वर्षभर सलग नोकरी झालेली हवी. म्हणजे २४० दिवस, आणि बाळंतपणाची पगारी रजाही त्यात धरतात. मग दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळतो. नुसता तोटा झाला किंवा माल पडून राहिला, एवढ्यावरून मालकाला ती तीन महिन्यांच्या पगारावर आटोपता येत नाही.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना सेवेबद्दल मिळणारी रक्कम, वेगळी. तिला साधारणपणे पाच वर्षं लागतात. पगार १२,००० आणि नोकरी ७ वर्षं ८ महिने असेल, तर आठ वर्षं धरायची: १२,००० × १५ ÷ २६ × ८, सुमारे ५५,३८५ रुपये. अर्ज मालकाकडे ३० दिवसांत द्यावा. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही.

ईएसआयची किमान दोन वर्षं वर्गणी भरली असेल, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत पहिलं वर्ष निम्मा आणि दुसरं वर्ष पाव पगार मिळतो. या काळात घरच्यांचे उपचारही चालू राहतात. अर्ज ईएसआयच्या शाखा कार्यालयात.

कागदपत्रं

आधार, पासबुक, पगारपत्रकं, ओळखपत्र किंवा हजेरी कार्ड, ईएसआय क्रमांक, पीएफचा यूएएन (खाते क्रमांक). फाटकावरच्या नोटिशीचा फोटो काढाच, दुसऱ्या दिवशी ती असेलच असं नाही.

खरी अडचण नावाची. पीएफला माहेरचं नाव, आधारला सासरचं. दुरुस्तीसाठी कामगार आणि मालकाने मिळून द्यायच्या संयुक्त घोषणापत्रावर बऱ्याचदा मालकाची सही लागते आणि मालक तर गायब! अशा वेळी राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन करून ते पीएफ कार्यालयात द्यावं. नोकरी सोडल्याची तारीख मात्र शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर स्वतः टाकता येते.

एकटीने की मिळून

५० किंवा जास्त कामगार असतील तर बंदच्या ६० दिवस आधी सरकारला नोटीस द्यावी लागते. ती दिली का, हे सहायक कामगार आयुक्तांना सगळ्यांच्या सह्यांनी विचारा. टोकन नंबर, रुजू तारीख आणि शेवटचा पगार अशी यादी सोबत जोडा. युनियन नोंदवायला अर्जावर सात जणी पुरतात. सभासद मात्र एकूण कामगारांच्या १० टक्के किंवा १००, यातली लहान संख्या हवी.

जून २०२० मध्ये कर्नाटकात श्रीरंगपट्टणला सुमारे १,२०० कामगारांच्या कारखान्यातून मशिनी हलवताना दिसल्या, तेव्हा बायका तिथेच ठाण मांडून बसल्या. पुढे युनियनशी करार होऊन त्यांना परत कामावर घ्यायचं ठरलं.

अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.