उरलेल्याचा हिशेब : प्रथम कोटीच्या संकलित वेगनियमाची पार्श्वभूमी

बंद भांड्यात चाललेल्या अभिक्रियेचा वेग सहसा थेट मोजता येत नाही. मोजता येतं ते एवढंच, की अमुक मिनिटाला किती पदार्थ उरला आहे. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणखी पंधरा मिनिटांनी पुन्हा. हाती येतात ते उरलेल्या पदार्थाचे आकडे. नियम मात्र वेगाबद्दल बोलतो: जेवढा पदार्थ उरला आहे, त्याच्या प्रमाणात तो संपत जातो. अशा अभिक्रियेला प्रथम कोटीची म्हणतात. वेगाची भाषा आणि उरलेल्याची भाषा या दोघींमधला दुवा म्हणजे संकलित वेगनियम; क्षणाक्षणाच्या वेगाची बेरीज, म्हणजे संकलन, करून तो मिळतो. विद्यार्थ्यांना तो पाठ करायचं एक सूत्र म्हणून भेटतो, आणि याची मला खरोखर हळहळ वाटते. कारण 'संपण्याचा वेग उरलेल्यावर अवलंबून असतो' हा तर्क कोणीही घरबसल्या करू शकतो. तो खरा की खोटा हे प्रयोगाला विचारता आलं ते संकलनामुळे, आणि हे पहिल्यांदा घडलं ते साखरेच्या पाण्यात.

गणिताची सामग्री फार आधीपासून तयार होती. जॉन नेपियर यांची लॉगरिदमची कोष्टकं १६१४ साली छापली गेली. चक्रवाढ व्याज क्षणाक्षणाला आकारलं तर काय होईल, हा प्रश्न याकोब बर्नोली यांनी १६८३ मध्ये हाताळला. १७०१ मध्ये न्यूटन यांनी तापलेली वस्तू थंड होण्याचा नियम मांडला: भोवतालच्या मानाने ती जितकी जास्त गरम, तितकी ती भराभर निवते. समान काळात समान पट घट, हा साचा अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचा होता. रसायनशास्त्राला मात्र तो वापरायला आणखी दीडशे वर्षं लागली. अडचण गणिताची नव्हती. अभिक्रिया न थांबवता, भांड्यातला पदार्थ न ढवळता, 'आता किती उरलं' हे सांगणारं साधनच नव्हतं.

ते साधन प्रकाशातून आलं. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ज्याँ-बातिस्त बियो यांना १८१५ मध्ये आढळलं, की साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश, गेला की ते प्रतल वळतं. १८३०च्या दशकात आणखी एक गोष्ट लक्षात आली. उसाच्या साखरेच्या द्रावणात आम्ल घातलं की उजवीकडचं वळण हळूहळू कमी होतं, शून्यावर येतं आणि मग डावीकडे जातं. याचं कारण आज आपल्याला ठाऊक आहे. सुक्रोजचं, म्हणजे उसाच्या साखरेचं, विशिष्ट वलन (ठरावीक परिस्थितीत प्रतल वळण्याचा कोन) उजवीकडे सुमारे ६६.५ अंश. पाण्याशी अभिक्रिया होऊन त्याचे दोन तुकडे होतात: ग्लुकोज, उजवीकडे सुमारे ५२.७ अंश, आणि फ्रुक्टोज, डावीकडे सुमारे ९२ अंश. दोन्ही सारख्या प्रमाणात तयार होत असल्यामुळे डावी बाजू जिंकते. दिशा अशी उलटते म्हणूनच या अभिक्रियेला साखरेचं 'इन्व्हर्जन' म्हणजे उलटणं हे नाव पडलं. १८४०च्या दशकात साखरेच्या व्यापारासाठी ध्रुवणमापकं सुधारली, आणि भिंगातून नुसतं पाहून द्रावणाचा हिशेब लावणं शक्य झालं.

इथे लुडविग विल्हेल्मी येतात. जन्म १८१२, पोमेरेनियातलं श्टारगार्ड हे गाव. आधी औषधनिर्माणाचा व्यवसाय, मग तो सोडून उशिरा हाती घेतलेलं विज्ञान, आणि हायडेलबर्ग विद्यापीठात अध्यापन. १८५० मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता, उसाच्या साखरेवर आम्लांची क्रिया कोणत्या नियमाने होते. त्यांनी गृहीत धरलं, की काळाच्या अगदी सूक्ष्म तुकड्यात जेवढी साखर नाहीशी होते ती त्या क्षणी असलेल्या साखरेच्या आणि आम्लाच्या प्रमाणात असते. हे त्यांनी विकलनाच्या, म्हणजे क्षणिक बदलांच्या गणिताच्या, भाषेत लिहिलं. एखाद्या रासायनिक बदलाचा वेग विकलन-समीकरणात मांडला जाण्याची ही पहिली वेळ. आम्ल या व्यवहारात खर्च होत नाही, शेवटीही तेवढंच राहतं. बर्झेलियस यांनी अशा पदार्थांच्या कामासाठी 'कॅटॅलिसिस' हा शब्द १८३५ मध्येच दिला होता. विल्हेल्मी यांनी त्या आम्लाला समीकरणात एक स्थिर गुणक म्हणून जागा दिली.

मग त्यांनी संकलन केलं, आणि उत्तर निघालं: उरलेल्या साखरेचा लॉगरिदम काळाबरोबर सरळ रेषेत उतरला पाहिजे. भिंगातून वाचलेल्या कोनांशी हे भाकीत ताडून पाहिलं, तर ते जुळलं. तापमान वाढवलं की वेगस्थिरांक, म्हणजे वेग आणि उरलेली मात्रा यांना जोडणारा गुणक, वाढतो हेही त्यांनी नोंदवलं आणि त्यासाठी स्वतंत्र सूत्र सुचवलं. एका निबंधात इतकं सगळं.

या मोजणीतली एक खुबी पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकली जाते. मला ती या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. समजा सुरुवातीचा कोन उजवीकडे २६ अंश आहे आणि सगळी साखर संपल्यावर तो डावीकडे ८ अंशांवर थांबतो. म्हणजे एकूण प्रवास ३४ अंशांचा. मधल्या एखाद्या वेळी कोन उजवीकडे ९ अंश असेल, तर शेवटापर्यंत अजून १७ अंश जायचे आहेत. म्हणजे नेमकी निम्मी साखर उरली आहे. किती ग्रॅम, किती मोल, नळी किती लांब, यातलं काहीही माहीत असायची गरज नाही. प्रथम कोटीच्या सूत्रात सुरुवातीच्या आणि उरलेल्या मात्रेचं फक्त गुणोत्तर लागतं, आणि गुणोत्तरात सगळी एककं छेदली जातात. म्हणून वेगस्थिरांकाचं एककही केवळ 'प्रतिसेकंद' किंवा 'प्रतिमिनिट' असतं, त्यात संहतीचा, म्हणजे द्रावणातल्या पदार्थाच्या दाटपणाचा, मागमूस नसतो. द्वितीय कोटीच्या अभिक्रियेत, म्हणजे वेग संहतीच्या वर्गाच्या किंवा दोन संहतींच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो तेव्हा, ही सवलत मिळत नाही. तिथे खरी संहती माहीत असावीच लागते. पहिला वेगनियम प्रथम कोटीच्याच अभिक्रियेवर सापडला, यात या सवलतीचा वाटा मोठा असला पाहिजे असं मला वाटतं.

तरी या निबंधाकडे जवळपास कोणी फिरकलं नाही. त्या काळचे रसायनज्ञ नवी संयुगं बनवण्यात आणि त्यांची घडण उलगडण्यात गुंतले होते. बदल किती वेळात होतो हा प्रश्न कडेला होता. विल्हेल्मी १८६४ मध्ये वारले. पृष्ठताण मोजण्याच्या पातळ पट्टीच्या पद्धतीला आजही त्यांचं नाव आहे, पण आपल्या वेगनियमाचं चीज झालेलं त्यांना पाहायला मिळालं नाही. विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी हे काम उजेडात आणलं, आणि १८९१ मध्ये विज्ञानातल्या अभिजात लेखनाच्या मालेत तो निबंध पुन्हा छापला गेला. तोवर चाळीस वर्षं उलटली होती.

दरम्यान इतरांनी वाट वेगळ्या बाजूने गाठली. नॉर्वेत गुल्डबर्ग आणि वागे यांनी १८६४ मध्ये वस्तुमानक्रियेचा नियम मांडला: अभिक्रियेचा जोर त्यातल्या पदार्थांच्या मात्रांवर अवलंबून असतो. ऑक्सफर्डमध्ये रसायनज्ञ ऑगस्टस व्हर्नन हारकोर्ट आणि गणितज्ञ विल्यम एसन यांची जोडी जमली. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रोजन आयोडाइड यांच्या अभिक्रियेत आयोडिन सुटतं. हारकोर्ट त्या भांड्यात थायोसल्फेटची ठरावीक छोटी मात्रा आणि स्टार्च टाकत. थायोसल्फेट असेपर्यंत सुटलेलं आयोडिन लगेच परत आयोडाइड होतं. ते संपलं की द्रावण एकदम निळं. वेळ टिपायची, पुढची मात्रा टाकायची, पुन्हा निळ्या क्षणाची वाट पाहायची. आयोडाइड सतत भरून निघत असल्यामुळे त्याची पातळी जवळपास स्थिर राहते आणि घटतं ते फक्त पेरॉक्साइड. दोन घटकांची अभिक्रिया त्यामुळे प्रथम कोटीसारखी वागते. लागोपाठच्या निळ्या क्षणांमधली अंतरं लांबत जातात, आणि ती कशी लांबतात याचा हिशेब एसन यांच्या संकलनातून निघतो. एका टप्प्याच्या, दोन घटकांच्या आणि लागोपाठ घडणाऱ्या बदलांची समीकरणं एसन यांनी १८६०च्या दशकात सोडवली होती.

इथे विल्हेल्मी यांच्या साखरेकडे परत यावं लागतं. साखरेची अभिक्रियाही खरं तर एकटीची नाहीच. त्यात पाणी खर्च होतं. पण एका लिटर पाण्यात सुमारे ५५.५ मोल पाणी असतं. त्यातलं अर्धा-एक मोल गेलं तरी फरक जाणवत नाही. अशा अभिक्रियेला आज छद्म-प्रथम कोटीची म्हणतात. जिच्यावर हा नियम सापडला, ती अभिक्रिया स्वतःच छद्म-प्रथम कोटीची आहे.

१८८४ मध्ये याकोबुस हेन्रिकुस व्हान्ट हॉफ यांच्या रासायनिक गतिशास्त्रावरच्या ग्रंथाने या विखुरलेल्या कामाला एक घर दिलं. किती रेणू मिळून बदल घडवतात त्यावरून अभिक्रियांचे वर्ग, प्रत्येक वर्गाचं विकलन-समीकरण आणि त्याचं संकलन, असा त्यांचा आराखडा होता. 'कोटी' ही संज्ञा त्याच दशकात ऑस्टवाल्ड यांच्या लेखनातून रुळली. या संज्ञेने एक गल्लत दूर झाली: वेगनियमात संहतीवर येणारा, प्रयोगातून मिळणारा घातांक ही एक गोष्ट, आणि प्रत्यक्षात एकत्र येणाऱ्या रेणूंची संख्या ही दुसरी. कागदावरच्या संतुलित समीकरणातले आकडे पाहून कोटी सांगता येत नाही, हे विद्यार्थ्यांना आजही पुन्हापुन्हा बजावावं लागतं. १८८९ मध्ये स्वांते अऱ्हेनिअस यांनी वेगस्थिरांक तापमानाबरोबर कसा बदलतो याचा नियम मांडला तो निबंधही साखरेच्या इन्व्हर्जनवरचाच.

पाठ्यपुस्तकातल्या सूत्रात, वेगस्थिरांक = (२.३०३ ÷ काळ) × log(सुरुवातीची मात्रा ÷ उरलेली मात्रा), येणारा २.३०३ हा आकडाही त्याच काळातला. संकलनातून येतो तो नैसर्गिक लॉगरिदम. हाताशी असायची ती दहाच्या पायावरची कोष्टकं. एकातून दुसऱ्यात जाण्याचा गुणक २.३०२५८५. रसायनाशी त्याचं काही नातं नाही. गणकयंत्रं आली तरी सूत्रात तो तसाच राहिला, आणि तो वेगस्थिरांकाचाच भाग आहे असा कित्येकांचा समज होतो. ०.६९३ हा मात्र दोनचा नैसर्गिक लॉगरिदम. तो वेगस्थिरांकाने भागला की अर्धायुकाल मिळतो. सुरुवातीला कितीही पदार्थ घ्या, तो निम्मा व्हायला तेवढाच वेळ लागतो. दहा अर्धायुकाल उलटले की एक हजार चोविसावा भाग उरतो.

अर्धायुकाल ही कल्पना ठळक झाली ती माँट्रियलमध्ये, किरणोत्सारामुळे. थोरियमपासून निघणाऱ्या वायुरूप पदार्थाची क्रियाशीलता सुमारे एका मिनिटात निम्मी होते, हे अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी १९०० मध्ये दाखवलं. दोन वर्षांनी फ्रेडरिक सॉडी यांच्यासह त्यांनी थोरियम-एक्स हे थोरियमपासून तयार होणारं किरणोत्सारी द्रव्य वेगळं केलं; ते सुमारे चार दिवसांत निम्मं होत होतं. दोघांनी या ऱ्हासाची तुलना एकरेण्वीय, म्हणजे एकेक रेणू आपापला बदलतो अशा, अभिक्रियेशी केली. पण एक फरक फार खोल होता: इथे तापमान कितीही बदला, स्थिरांक हलत नाही. १९०५ मध्ये एगॉन फॉन श्वाइडलर यांनी नियमाचा अर्थ संभाव्यतेत मांडला. प्रत्येक अणूची पुढच्या क्षणी फुटण्याची शक्यता ठरावीक असते, तो किती काळ टिकून आहे याच्याशी तिचा संबंध नसतो. एवढं मानलं की घातांकी घट आपोआप येते.

हा अर्थ मिळाल्यावर रसायनज्ञांपुढे कोडं उभं राहिलं. अणू आपोआप फुटतो, ठीक. पण एकट्या रेणूचा बंध तोडायला ऊर्जा लागते, आणि ती त्याला दुसऱ्या रेणूशी टक्कर होऊनच मिळणार. टक्कर म्हणजे दोन रेणू. मग वेग संहतीच्या वर्गावर अवलंबून हवा. तो प्रथम कोटीचा कसा? ज्याँ पेरँ यांनी १९१९ मध्ये सुचवलं, की ऊर्जा भांड्याच्या भिंतींतून येणाऱ्या प्रारणातून मिळते. हे प्रयोगांत टिकलं नाही. १९२१ मध्ये फॅरेडे सोसायटीच्या चर्चेत फ्रेडरिक लिंडेमान यांनी तोडगा दिला. टकरीने रेणू उत्तेजित होतो, पण लगेच फुटत नाही. मध्ये थोडा वेळ जातो. दाब जास्त असेल तर त्या अवकाशात बहुतेक उत्तेजित रेणू दुसऱ्या टकरीत ऊर्जा गमावून बसतात, उत्तेजितांचं एकूण रेणूंशी प्रमाण ठरावीक राहतं आणि वेग प्रथम कोटीचा दिसतो. दाब खूप कमी केला की टकरीच दुर्मीळ होतात, आणि वेग द्वितीय कोटीकडे सरकतो. हा सरकाव प्रयोगांत पुढे खरोखर सापडला. सिरिल हिन्शेलवूड आणि इतरांनी १९२०च्या दशकात ही मांडणी आणखी नेटकी केली.

या वादात सगळ्यांचं बोट ज्या अभिक्रियेकडे जायचं ती होती डायनायट्रोजन पेंटॉक्साइडच्या विघटनाची. फॅरिंग्टन डॅनियल्स आणि जॉन्स्टन यांनी १९२१ मध्ये ती मोजली. संतुलित समीकरणात दोन रेणू, तरी लॉगरिदमचा आलेख स्वच्छ सरळ. २५ अंश सेल्सियसला अर्धायुकाल सुमारे साडेपाच तास. एकरेण्वीय अभिक्रियेचा नमुना म्हणून ती पंचवीस वर्षं शिकवली गेली. मग १९४७ मध्ये रिचर्ड ऑग यांनी दाखवलं, की ती एका पावलात घडतच नाही. पेंटॉक्साइड आधी नायट्रोजन डायऑक्साइड आणि नायट्रोजन ट्रायऑक्साइड यांत फुटतो, बहुतेक वेळा ते पुन्हा जुळतात, आणि क्वचित त्यांची वेगळ्या प्रकारे गाठ पडून ऑक्सिजन सुटतो. या सगळ्या पावलांचा हिशेब केला तर पेंटॉक्साइडचा घातांक एकच येतो, आणि डॅनियल्स यांच्या आकड्यांतून काढलेली रेषा जशीच्या तशी सरळ राहते.