गोळीची लाही होते तेव्हा

जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझ्या भाचीने नौपाड्यातील एका दुकानातून ‘फ्रीझ ड्राइड कँडी’ असे छापलेले पाकीट आणले. आतील गोळ्या ओळखीच्याच होत्या: बाहेरून साखरेचे रंगीत कवच आणि आत फळांच्या स्वादाचा चिवट गर. मात्र प्रत्येक गोळीचे कवच मधोमध तडकले होते आणि त्या भेगेतून फिकट, फेसाळ गर बाहेर येऊन गोळी मूळ आकाराच्या दुपटीहून मोठी झाली होती. ती दातांना चिकटली नाही. पापडासारखी मोडली आणि पाहता पाहता जिभेवर विरघळली. भाचीने विचारले, “मामा, गोठवून वाळवली तर ती आक्रसायला हवी ना? मग फुगली कशी?” प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे, कारण पाकिटावर छापलेले नाव आणि गोळीच्या बाबतीत प्रत्यक्षात घडलेली क्रिया यांत बरेच अंतर आहे.

गोठवून वाळवण्याची खरी पद्धत संप्लवनावर, म्हणजे घन पदार्थ द्रव न होता थेट वाफ होण्यावर, उभी आहे. देवघरातील कापूर उघडा राहिला, तर तो न वितळता हळूहळू हवेत विरून जातो. बर्फालाही तसेच करायला लावता येते, फक्त त्यासाठी भोवतालचा दाब फार कमी असावा लागतो. पाण्याचा त्रिक बिंदू, म्हणजे बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकत्र राहू शकतात ती स्थिती, ०.०१ अंश सेल्सिअस आणि ६११ पास्कल (पास्कल हे दाबाचे एकक) येथे आहे. हा दाब समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाच्या सुमारे १६५व्या हिश्शाइतका असतो, आणि त्याहून कमी दाबाखाली द्रवरूप पाणी टिकूच शकत नाही. म्हणून पदार्थ आधी गोठवतात, बंद पेटीतील हवा पंपाने खेचून घेतात आणि मग ज्या फळ्यांवर पदार्थ ठेवलेला असतो त्यांना किंचित ऊब देऊन बर्फाची थेट वाफ करतात. एक किलो बर्फाचे असे संप्लवन करण्यासाठी सुमारे २,८०० किलोज्यूल ऊर्जा लागते. ती बेताने पुरवावी लागते, कारण घाई केली तर बर्फ वितळतो आणि सगळा खटाटोप वाया जातो.

महाबळेश्वरहून वाशीच्या बाजारात येणारी स्ट्रॉबेरी अशा रीतीने वाळवली, तर तिचा आकार जवळजवळ तसाच राहतो. तिच्यात सुमारे ९० टक्के पाणी असते. ते गोठून बर्फाचे स्फटिक होतात, स्फटिक उडून गेले की त्यांच्या जागी पोकळ्या उरतात, आणि फळाचा सांगाडा गोठलेला व ताठ असल्यामुळे खचत नाही. सावकाश गोठवले तर स्फटिक मोठे होतात आणि पोकळ्याही मोठ्या राहतात. येथे आकार टिकवून ठेवणे हेच थंडीचे काम असते. गोवराची किंवा बीसीजीची लस कुपीत कोरड्या स्वरूपात येते, तीही याच पद्धतीने. त्या उद्योगात कुपीतील कोरडी वडी फुगली किंवा खचली, तर तो दोष मानला जातो.

गोळीची गोष्ट येथेच वेगळी होते, कारण तिच्यात गोठण्याजोगे पाणीच जवळजवळ नसते.

घरी पाक केलेल्या कोणालाही हे पटकन उमगेल. एकतारी पाक, गोळीबंद पाक आणि चिक्कीचा कडक पाक यांत साखर तीच असते. फरक असतो तो उरलेल्या पाण्याचा. गोळीबंद पाकाचे तापमान ११५ अंशांच्या आसपास असते, आणि कडक पाक १५० अंशांपर्यंत नेल्यावर त्यात पाणी जेमतेम एक-दोन टक्के उरते. साखरेच्या पाकातील पाणी साधारण पाचव्या हिश्शाच्या खाली गेले, की कितीही थंड केले तरी त्यातून बर्फाचे स्फटिक वेगळे होत नाहीत, कारण साखरेच्या दाट गर्दीत पाण्याच्या रेणूंना एकत्र येऊन रचना बांधण्याइतकी हालचाल करता येत नाही. मधात सुमारे १८ टक्के पाणी असते. तो फ्रीझरमध्ये ठेवून पाहावा. तो घट्ट होतो, पण त्याचा बर्फ होत नाही. चघळायच्या गोळ्यांत तर पाणी बहुधा ६ ते १० टक्केच असते. जेथे बर्फच नाही, तेथे बर्फाचे संप्लवन कसे होणार? म्हणूनच असे यंत्र वापरणारे अनेक जण गोळ्या आधी गोठवण्याच्या भानगडीत पडत नाहीत. उलट फळ्यांचे तापमान ५० ते ६० अंशांच्या आसपास ठेवून गोळी मऊ करतात आणि मग हवा काढून घेतात.

आता फुगण्याचे कारण स्पष्ट होते. चिवट गोळ्यांचा गर तयार करताना तो वारंवार ओढून ताणला जातो आणि त्यात हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे अडकतात. बाहेरचा दाब नाहीसा होऊ लागला, की हे बुडबुडे पसरतात. त्याच वेळी गरातील पाणीही वाफ होऊन त्यांत शिरते. माथेरानला पाणी ९७ अंशांच्या आसपास उकळते, कारण सुमारे ८०० मीटर उंचीवर हवेचा दाब थोडा कमी असतो. यंत्राच्या पेटीत तो इतका खाली जातो, की कोमट गोळीतील पाण्यालाही उकळी फुटावी. वाफेचे आकारमान तर आपल्या रोजच्या अनुभवापलीकडचे आहे. नेहमीच्या दाबाखाली १०० अंशांना एक ग्रॅम पाण्याची वाफ सुमारे १.७ लिटर जागा व्यापते. एक मिलिबार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे हजाराव्या हिश्शाइतक्या दाबाखाली, खोलीच्या तापमानाला, तेवढ्याच पाण्याची वाफ जवळजवळ १,४०० लिटर होते, म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरूनही उरेल इतकी. ती सगळी पंपाने ओढणे अवघड असल्यामुळे यंत्रात उणे ४० अंशांहूनही थंड भाग ठेवलेला असतो आणि वाफ त्यावर बर्फ होऊन जमा होते. गोळीच्या संदर्भात थंडीचे खरे काम तेथे चालते, गोळीत नव्हे.

म्हणून मला या गोळीला वाळवलेली म्हणण्यापेक्षा तिची लाही झाली असे म्हणणे अधिक अचूक वाटते. मक्याचा दाणा तापतो तेव्हा आतील वाफेचा दाब सुमारे १८० अंशांना वातावरणाच्या नऊ पटींच्या जवळ जातो, टरफल फुटते आणि मऊ झालेले पिष्ट एका क्षणात फुलते. लाहीत आतला दाब वाढवलेला असतो. गोळीत बाहेरचा दाब काढून घेतलेला असतो. दोन्हीकडे मऊ पदार्थाला वाफ आतून ताणते आणि ताणलेल्या स्थितीतच तो कडक होतो.

हे कडक होणे नीट समजून घेण्यासारखे आहे. खडीसाखरेत साखरेचे रेणू ओळीने रचलेले असतात. लिमलेटच्या गोळीत मात्र ते अस्ताव्यस्त स्थितीतच थिजलेले असतात. ती खरोखरच साखरेची काच असते. या काचेला एक विशिष्ट तापमान असते: त्याखाली ती ठिसूळ आणि त्यावर चिकट, वाहणारी. शुद्ध, कोरड्या साखरेसाठी हे तापमान ६० ते ७० अंशांच्या दरम्यान असते, परंतु चार-पाच टक्के पाणी मिसळले तरी ते खोलीच्या तापमानापर्यंत उतरते. चिवट गोळी चिवट असते ती एवढ्याचसाठी, की तिच्यातील पाण्यामुळे तिची काच आपल्या नेहमीच्या उष्णतेतही मऊ राहते. यंत्रात पाणी निघून गेले, की बुडबुड्यांच्या कागदाहून पातळ भिंती काचेसारख्या ताठ होतात. मात्र त्या पुरेशा कोरड्या आणि थंड होण्याआधी यंत्राचे दार उघडले, तर बाहेरची हवा आत घुसते आणि तिच्या दाबाखाली फुललेली गोळी चपटी होते.

सगळेच गोड पदार्थ असे फुलत नाहीत. जिलेटिनच्या लवचीक गोळ्या आणि मार्शमॅलो फुलतात, दुधाच्या टॉफीचेही पोकळ, कुरकुरीत गोळे होतात. चॉकलेटमध्ये पाणी नगण्य आणि सगळे बांधून ठेवणारा भाग स्निग्धाचा असल्यामुळे ते केवळ वितळते. खडीसाखरेवर काहीच परिणाम होत नाही, कारण स्फटिक ताणला जाऊ शकत नाही.

चवीबद्दल एक समज फार पसरलेला आहे: पाणी गेल्यामुळे स्वाद एकवटतो, असा. स्ट्रॉबेरीच्या बाबतीत तो खरा आहे, कारण तिचे वजन जवळजवळ दहावा हिस्सा उरते. परंतु ज्या गोळीत मुळात आठ टक्के पाणी होते, तिच्यातील सगळे पाणी काढले तरी साखर, आम्ल आणि सुगंध यांचे प्रमाण फार तर नऊ टक्क्यांनी वाढेल. तेवढ्या फरकाने गोळी एवढी तीव्र लागणार नाही. खरे कारण वेगाचे आहे. चव कळण्यासाठी पदार्थ लाळेत विरघळावा लागतो. चिवट गोळीचा केवळ बाहेरचा पृष्ठभाग लाळेला भेटतो आणि ती मिनिटभर थोडी थोडी चव सोडत राहते. फुललेली गोळी चावताच तिचे शेकडो तुकडे होतात, त्यांच्या पातळ भिंती एकाच वेळी विरघळतात आणि गोड, आंबट व सुगंध हे सारे एकदम येऊन आदळते. सायट्रिक आम्ल आणि साखर वाफेबरोबर उडून जात नाहीत. सुगंधी द्रव्यांचा काही भाग उडतो, पण बराचसा टिकतो, कारण दाट होत जाणाऱ्या साखरेतून पाण्याचा लहान रेणू वाट काढतो आणि सुगंधाचे मोठे रेणू आत अडकून पडतात. चावतानाचा आवाजही अनुभवाचा भाग आहे: प्रत्येक भिंत तुटताना एक बारीक कंप होतो आणि त्या कंपांच्या मालिकेलाच आपण कुरकुरीत म्हणतो. साखर मात्र तेवढीच असते. ओंजळभर हलक्या गोळ्या खाताना आपण मूळच्या किती गोळ्या खाल्ल्या, याचा अंदाज सुटतो, हे मुलांना पाकीट देताना ध्यानात ठेवावे.

ठाण्याच्या पावसाळ्यात या सगळ्याची उलट बाजू दिसते. हवेतील सापेक्ष आर्द्रता या दिवसांत बरेचदा ८० टक्क्यांच्या वर असते. आम्ही एक गोळी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवली आणि दुसरी बशीत घालून गॅलरीत ठेवली. संध्याकाळपर्यंत बशीतली गोळी सादळून चिकट झाली होती, आक्रसली होती आणि बोटाने दाबल्यावर दबलेलीच राहिली. बरणीतली मात्र दुसऱ्या दिवशीही कुरकुरीत होती. हवेतील पाणी काचेत शिरले, तिचे मऊ होण्याचे तापमान खोलीच्या तापमानाखाली गेले आणि भिंती आपोआप खचल्या.

बत्तासा आणि गुढीपाडव्याची गाठी यांच्याशी तुलना केली, तर हे अधिक उलगडते. बत्तासाही सच्छिद्रच असतो, पण त्याची साखर स्फटिकरूप असते, आणि आर्द्रता ८४-८५ टक्क्यांच्या पलीकडे जाईपर्यंत साखरेचा स्फटिक फारसे पाणी ओढत नाही. काचेसारखी साखर त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही पाणी शोषू लागते. म्हणून बत्तासे साध्या डब्यातही पुष्कळ दिवस टिकतात, तर या गोळ्यांना ओलावा रोखणारे पाकीट आणि आत शोषकाची पुडी लागते.

सादळलेला चिवडा कढईत परतला, की पुन्हा कुरकुरीत होतो, कारण पोह्यांच्या पिष्टाच्या भिंती मऊ झाल्या तरी उभ्या असतात आणि पाणी उडाले की पुन्हा ताठ होतात. बशीतली गोळी आम्ही मंद ओव्हनमध्ये वाळवून पाहिली. ती पातळ झाली आणि थंड झाल्यावर टणक, चपटी वडी झाली. तिच्या भिंती वाहून एकमेकींत मिसळल्या होत्या, बुडबुडे गेले होते, आणि त्यांना पुन्हा ताणण्यासाठी लागणारी निर्वात जागा आमच्या स्वयंपाकघरात नव्हती. उरलेल्या गोळ्या भाचीने त्याच संध्याकाळी शोषकाच्या पुडीसह बरणीत भरल्या आणि झाकण घट्ट लावले.