हिशेबाआधी उपकारस्मरण

18 मार्च 1542 रोजी जेज्वीट या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी रोमहून लिस्बनला आपले सहकारी सिमाव रॉड्रिग्ज यांना पत्र लिहिले. निमित्त राजदरबारातले होते, पण इग्नेशियस सुरुवातीलाच वेगळ्या विषयाला हात घालतात. कृतघ्नपणा हे देवाला अत्यंत घृणास्पद वाटणारे पाप असून बाकीच्या पापांचे मूळही त्यातच आहे, असे ते सांगतात. ख्रिस्ती परंपरेत पापांच्या मुळाशी सहसा गर्व मानला जातो, त्यामुळे हे विधान आजही वाचताना थबकवते. रॉड्रिग्ज हे मुळात फ्रान्सिस झेवियर यांच्यासोबत हिंदुस्थानात यायचे होते. पोर्तुगालच्या राजाने त्यांना ठेवून घेतले. पत्र लिहिले गेले तेव्हा झेवियर प्रवासात होते. त्यानंतर दीड-पावणेदोन महिन्यांनी, 6 मे रोजी, ते गोव्याला पोहोचले.

इग्नेशियस यांनी हे मत रोजच्या दिनक्रमात बसवले. 1548 मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिलेल्या त्यांच्या ‘आत्मिक साधना’ या ग्रंथात आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत. मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार, आपली पापे दिसावीत म्हणून कृपेची याचना, दिवसाचा तासागणिक आढावा, क्षमायाचना आणि शेवटी सुधारण्याचा निश्चय. रात्री स्वतःची झडती घेण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाही ती पाळत असे. तिथे मात्र पहिला प्रश्न दोषाचा असतो. इग्नेशियस यांच्याकडे दोषांची पाळी आभारानंतर येते, आणि माझ्या मते या साधनेचे सारे वेगळेपण या क्रमात आहे. काय मिळाले याची आठवण ताजी असेल, तरच आपण काय वाया घालवले ते कळते. जेज्वीट संघाच्या घटनेने शिकणाऱ्या सदस्यांना हे परीक्षण दिवसातून दोनदा घालून दिले. मन प्रसन्न असो वा नसो, वेळ चुकवायची नाही. 1579 मध्ये गोव्यात आलेले आणि पुढे मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर थॉमस स्टीफन्स याच संघाचे.

आभाराला असे नियमात बांधणे इग्नेशियस यांच्यापासून सुरू झालेले नाही. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात उपकारस्तुतीच्या यज्ञाचा विधी आहे. यज्ञासोबत भाकरी अर्पायच्या आणि मांस त्याच दिवशी संपवायचे, सकाळपर्यंत काहीही उरवायचे नाही. अख्खे जनावर एका दिवसात संपवायचे म्हणजे चार माणसे बोलवावीच लागणार. एकट्याने, मनातल्या मनात आभार मानण्याची सोयच त्यात दिसत नाही. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ असे लिहिले, तेही छळ सोसणाऱ्या लोकांना. पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या ‘दिदाखे’ या छोट्या पुस्तिकेत प्याला आणि भाकर यांवर म्हणायच्या आभाराच्या प्रार्थना दिल्या आहेत, आणि पोटभर जेवण झाल्यावर पुन्हा आभार. मिस्सा आणि प्रभुभोजन यांच्या केंद्रस्थानी आजही आभाराची प्रार्थना आहे, ती याच परंपरेतून.

कार्थेजचे बिशप सिप्रियन यांना 14 सप्टेंबर 258 रोजी शिरच्छेदाची शिक्षा वाचून दाखवण्यात आली, तेव्हा त्यांचे उत्तर एवढेच होते: देवाला धन्यवाद. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी हेच शब्द मठाच्या दारावर नेऊन ठेवले. कोणी दार ठोठावले किंवा गरिबाने हाक दिली, की द्वारपालाने ‘देवाला धन्यवाद’ म्हणावे, असे त्यांची नियमावली सांगते. म्हणजे आलेला माणूस कोण आहे हे कळण्याआधीच आभार. अवेळी बेल वाजल्यावर आपल्या तोंडून काय निघते, ते आठवून पाहावे.

प्रॉटेस्टंटांनी हा धागा तोडला नाही. त्यांच्या 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचे, म्हणजे प्रश्नोत्तरांतून श्रद्धा शिकवणाऱ्या पुस्तिकेचे, तीन भाग आहेत: माणसाची दुर्दशा, त्याची सुटका आणि कृतज्ञता. दहा आज्ञा तिसऱ्या भागात घेतल्या आहेत. आज्ञापालन हे तारण कमावण्याचे साधन राहिले नाही, ते तारण मिळाल्याचे आभार झाले.

जर्मनीतील आयलेनबर्ग गावाची गोष्ट मात्र भाविकांमध्ये थोडी उलटी सांगितली जाते. तीस वर्षांच्या युद्धात, 1637 मध्ये, तिथे प्लेगने थैमान घातले. पाळक मार्टिन रिंकार्ट यांनी हजारोंचे दफनविधी केले, त्यात त्यांची पत्नीही होती. त्यांचे जगभर गायले जाणारे आभारगीत या मरणकळेत सुचले, अशी आख्यायिका आहे. ते बहुधा आधीचे आहे. घरात जेवणाच्या वेळी म्हणायची छोटी प्रार्थना म्हणून रचलेले. मला ही दुसरी शक्यता जास्त मोलाची वाटते. दुःखातून अचानक गाणे फुटले यापेक्षा, रोज ताटावर म्हटलेले शब्द त्या वर्षीही तोंडात होते, ही गोष्ट साधनेच्या जवळची आहे.

2003 मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कृतज्ञतेच्या नोंदींवरील प्रयोग प्रसिद्ध केले आणि ‘ग्रॅटिट्यूड जर्नल’, म्हणजे आभाराच्या नोंदींची वही, घरोघरी पोहोचले. अनेक ख्रिस्ती साधनावर्गांतही आता अशी वही दिसते. इग्नेशियस यांच्या पाच पायऱ्यांपैकी तिच्यात बहुतेक वेळा पहिलीच उरते, आणि आभार नेमके कोणाचे मानायचे हा रकाना वहीत नसतो.