अलाबामाचा पुढचा मुख्य प्रशिक्षक: यादीत नाव येते कसे आणि गळते कसे

१० जानेवारी २०२४ रोजी अलाबामा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांनी निवृत्ती जाहीर केली. विद्यापीठाचे क्रीडासंचालक ग्रेग बर्न यांनी त्याच दिवशी खेळाडूंना विनंती केली: ७२ तास थांबा, दुसऱ्या कुठल्या विद्यापीठाकडे जाऊ नका. नवा प्रशिक्षक सुमारे ४९ तासांतच ठरला. या घाईमागे जवळपास चार दशकांचा अनुभव आहे, आणि त्यातला बराचसा कडू आहे.

हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आणि अलाबामा विद्यापीठ जिथे आहे त्या टस्कलूसासारख्या गावात मुख्य प्रशिक्षकाचे पद कुलगुरूंपेक्षाही जास्त चर्चेत असते. डिसेंबर १९८२ मध्ये, कारकिर्दीत एकूण ३२३ विजय मिळवणारे अलाबामाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी निवृत्ती जाहीर केली तेव्हा निकष एकच होता: माणूस ब्रायंट यांच्या तालमीतला हवा. त्यांचे जुने खेळाडू रे पर्किन्स न्यूयॉर्क जायंट्स हा व्यावसायिक संघ सोडून आले. १९८४ मध्ये संघ ५ सामने जिंकला आणि ६ हरला. १९५७ नंतर प्रथमच हंगामात विजयांपेक्षा पराभव जास्त झाले. पुढे आलेले बिल करी बाहेरचे, जॉर्जिया टेकचे. तीन हंगामांत २६ विजय आणि १० पराभव ही कामगिरी वाईट मुळीच नव्हती. पण कट्टर प्रतिस्पर्धी ऑबर्नविरुद्ध तिन्ही सामने गेले, आणि एका पराभवानंतर त्यांच्या कार्यालयाच्या खिडकीतून वीट आली. ते केंटकीला निघून गेले. मग पुन्हा घरचाच माणूस, जीन स्टॉलिंग्ज. त्यांनी १९९२ चे राष्ट्रीय अजिंक्यपद आणले आणि ‘आपलाच हवा’ हा समज आणखी घट्ट झाला. माझ्या मते पुढच्या दहा वर्षांचे नुकसान या समजानेच केले.

सगळ्यात शिकण्यासारखा काळ २००२ ते २००७ हा आहे. फेब्रुवारी २००२ मध्ये नियमभंगाबद्दल महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था एनसीएएने अलाबामावर दोन हंगाम ‘बोल’ म्हणजे हंगामाअखेरच्या सामन्यांची बंदी घातली आणि खेळाडूंच्या २१ शिष्यवृत्त्या कापल्या. वर्षअखेरीस तेव्हाचे प्रशिक्षक डेनिस फ्रँचिओनी टेक्सास ए अँड एमला गेले. वॉशिंग्टन स्टेटच्या माइक प्राइस यांना आणले, पण करारावर सही झालीच नव्हती. मे २००३ मध्ये मैदानाबाहेरच्या वर्तनावरून त्यांना काढले, एकही सामना न खेळवता. मे महिना हा शोधासाठी सर्वांत वाईट. वसंतातला सराव संपलेला असतो, चांगले प्रशिक्षक आपापल्या ठिकाणी स्थिरावलेले असतात आणि हाताशी फक्त ओळखीची माणसे उरतात. म्हणून उमेदवारांच्या यादीत माजी अलाबामा खेळाडूच उरले: माइक शूला, सिल्व्हेस्टर क्रूम, रिचर्ड विल्यमसन. मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव नसलेले ३७ वर्षांचे शूला निवडले गेले. क्रूम त्याच डिसेंबरात मिसिसिपी स्टेटला गेले आणि साउथईस्टर्न कॉन्फरन्स या अलाबामाच्याच विद्यापीठ-गटातले पहिले कृष्णवर्णीय मुख्य फुटबॉल प्रशिक्षक ठरले. ती संधी अलाबामाने दवडली, ही खंत आजही रास्त आहे.

नोव्हेंबर २००६ मध्ये शूला यांना काढले तेव्हा क्रीडासंचालक मल मूर यांनी दिशा बदलली. वेस्ट व्हर्जिनियाच्या रिच रॉड्रिग्ज यांनी डिसेंबरात नकार दिला. मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक सेबन तर ‘मी अलाबामाचा प्रशिक्षक होणार नाही’ असे जाहीरपणे सांगून मोकळे झाले होते. व्यावसायिक हंगाम संपेपर्यंत मूर थांबले आणि ३ जानेवारी २००७ रोजी आठ वर्षांच्या, ३ कोटी २० लाख डॉलरच्या करारावर सेबन आले. पुढे सहा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळाली. यादी वाचताना म्हणूनच जाहीर नकारावर फार विसंबू नये. हंगाम सुरू असताना दुसरे काही बोलण्याची सोयच नसते.

त्यानंतरच्या वर्षांत करारातली ‘बायआउट’ रक्कम शोधाच्या केंद्रस्थानी आली. ती दोन बाजूंनी चालते. प्रशिक्षक स्वतः गेला तर तो, म्हणजे प्रत्यक्षात बहुधा त्याला नेणारे विद्यापीठ, जुन्या विद्यापीठाला पैसे देतो. विद्यापीठाने त्याला काढले तर ते उरलेला पगार भरते. दुसऱ्या बाजूत एक कलम नीट पाहावे लागते: नव्या नोकरीचा पगार त्या रकमेतून वजा होतो की नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एमने जिंबो फिशर यांना काढले, तेव्हा करारात वजावट नव्हती. म्हणून ६० दिवसांत सुमारे १ कोटी ९२ लाख डॉलर आणि मग २०३१ पर्यंत दरवर्षी सुमारे ७२ लाख डॉलर, असा बोजा विद्यापीठावर पडला.

२०२४ ची यादी या चाळणीतून पाहिली की लगेच उलगडते. ओरेगनच्या डॅन लॅनिंग यांना नेण्याची किंमत सुमारे २ कोटी डॉलर होती, आणि त्यांनी चित्रफीत टाकून आपण राहत असल्याचे सांगितले. फ्लोरिडा स्टेटच्या माइक नॉरव्हेल यांना तिथेच नवा करार मिळाला. स्टीव्ह सारकिशियन टेक्सासलाच राहिले. शेवटी निवड झाली ती वॉशिंग्टनचे केलन डीबोअर यांची: बायआउट सुमारे १ कोटी २० लाख डॉलर, दोन हंगामांतली कामगिरी २५ विजय आणि ३ पराभव, आणि राष्ट्रीय अंतिम सामना ८ जानेवारीला होऊन गेलेला. त्याआधी सू फॉल्स या छोट्या महाविद्यालयात त्यांनी ७० पैकी ६७ सामने जिंकले होते. अलाबामाशी त्यांचे काहीच नाते नव्हते. १९८२ मध्ये हे नाव यादीत आलेच नसते.

एवढी घाई करूनही गळती थांबली नाही. मुख्य प्रशिक्षक गेला की खेळाडूंना ३० दिवस ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठीची नोंदणी, खुले होत असे, हे खरे कारण. आपल्या पहिल्याच वर्षी संघाकडून सर्वाधिक टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडून अडवणे) करणारा केलेब डाउन्स ओहायो स्टेटला गेला, आयझाया बाँड टेक्सासला. बर्न यांनी ७२ तास मागितले ते ही पडझड आवरण्यासाठी. दुसरीकडे वॉशिंग्टनने ॲरिझोनाचे जेड फिश घेतले, ॲरिझोनाने सॅन होजे स्टेटचे ब्रेंट ब्रेनन, आणि सॅन होजे स्टेटने केन निउमातालोलो. टस्कलूसातल्या एका निवृत्तीने महिन्याभरात चार विद्यापीठांचे मुख्य प्रशिक्षक बदलले, आणि प्रत्येक ठिकाणी खेळाडूंसाठी तीच ३० दिवसांची खिडकी उघडली.