पारा (धातू)

पारा म्हणजे नेहमीच्या हवेत, थंडी असो की ऊन, पातळच राहणारा एकमेव धातू. तसं गोव्यात मे महिन्यात गॅलियमसुद्धा वितळतं, त्याला ३० अंश पुरतात, पण डिसेंबरात रात्री परत घट्ट होणार. पारा गोठवायचा तर वजा ३९ अंशांपर्यंत जावं लागतं आणि उकळतो तो ३५७ अंश सेल्सियसला. संस्कृतात पारद, कोंकणीत पारो, रसायनशास्त्रात खूण एचजी, अणुक्रमांक ८०. पातळ का, तर त्याच्या अणूतले बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन केंद्राने इतके घट्ट धरून ठेवलेले असतात की शेजारच्या अणूशी धड बांधणीच होत नाही.

वजन मात्र अफाट. एक लिटर पाण्याच्या बाटलीत पारा भरला तर ती साडेतेरा किलोची होईल, एका हाताने उचलताना मनगट दुखेल. लोखंडाचा खिळा त्यावर आरामात तरंगतो, अंगणातला चिऱ्याचा तुकडाही तरंगेल. सोनं पाऱ्यापेक्षा जड म्हणून बुडतं, पण बुडून गप्प बसत नाही, विरघळायला लागतं. सोनं, चांदी, कथिल, जस्त, ॲल्युमिनियम यांच्याशी पारा मिसळून जो लगदा होतो त्याला पारदमेळ म्हणतात. लोखंडाशी त्याचं जमत नाही, म्हणूनच व्यापारात पारा लोखंडी बाटल्यांतून जायचा, एका बाटलीत साधारण साडेचौतीस किलो. आणि ॲल्युमिनियम पोखरतो म्हणून विमानात तो नेऊ देत नाहीत.

निसर्गात तो मुख्यतः हिंगुळाच्या लाल दगडातून मिळतो, म्हणजे पारा आणि गंधक एकत्र. दगड तापवला की वाफ निघते, ती थंड केली की पारा. स्पेनमधलं अल्मादेन आणि स्लोव्हेनियातलं इद्रिया या त्याच्या जुन्या मोठ्या खाणी. गोव्यात खाणी लोहखनिजाच्या, पाऱ्याच्या नाहीत, पण १६०० च्या सुमारास चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावहून गोव्याला येणाऱ्या पोर्तुगीज जहाजांत रेशमाबरोबर पारा आणि हिंगूळही यायचा.

उपयोग म्हणाल तर यादी लांब होती, आता आखडत चाललीये. १६४३ मध्ये टोरिचेल्लीने पाऱ्याची ७६ सेंटिमीटरची दांडी वापरून हवेचा दाब दाखवला, तेच पाण्याने करायचं तर १० मीटरपेक्षा उंच नळी लागली असती. फॅरनहाइटने १७१४ मध्ये पाऱ्याचा थर्मामीटर केला. १९११ मध्ये कामरलिंग ओनसला अतिवाहकता, म्हणजे विजेला अजिबात विरोध न होणं, पहिल्यांदा सापडली ती पाऱ्यातच, वजा २६९ अंशांना. दातांत भरायच्या चांदीत जवळपास निम्मा पारा असतो, सीएफएल दिव्यांत काही मिलिग्रॅम, डॉक्टरांच्या जुन्या उभ्या बीपी मशीनमध्ये चांगला ८०-१०० ग्रॅम. आता थर्मामीटर डिजिटल झाले तरी पेपरात मथळा 'पणजीत पारा ३५ वर' असाच येतो, आणि कोणी चिडलं की पाराच चढतो.

आता खरी गोष्ट. लहानपणी फुटलेल्या थर्मामीटरातला थेंब काडेपेटीत घालून खेळलेली आमची अख्खी पिढी आहे, आणि घरच्यांना भीती एकच, पोराने गिळला तर. गिळलेला पारा बहुतेक तसाच बाहेर पडतो, शरीरात अगदी नगण्य शिरतो (तरी डॉक्टरला सांगा, काचही गेलेली असू शकते). घात करते ती वाफ. तिला रंग नाही वास नाही, श्वासातून आत गेली की सुमारे ८० टक्के शरीरातच राहते, मग हात थरथरणं, हिरड्या सुजणं, झोप उडणं, चिडचिड. बंद खोलीत २० अंशांना हवेत एका घनमीटरमागे १३ मिलिग्रॅमपर्यंत वाफ मावते, आणि कामगारांसाठी मर्यादा धरतात ०.०२५ मिलिग्रॅम, म्हणजे पाचशेपट फरक. दर दहा अंशांना वाफ साधारण दुप्पट होते, त्यामुळे गोव्यातल्या उकाड्यात हिशोब अजूनच बिघडतो.

म्हणून थर्मामीटर फुटला तर पहिल्यांदा मुलं, कुत्रा-मांजर बाहेर, पंखा आणि एसी बंद, खिडक्या सताड उघड्या, आणि हातातली अंगठी-बांगडी काढून मग ग्लोव्हज. झाडू अजिबात मारायचा नाही, एका थेंबाचे शंभर होतात, व्हॅक्यूम क्लीनर तर नाहीच, तो गरम वाफ घरभर सोडतो. जाड कागदाच्या दोन पट्ट्यांनी थेंब एकमेकांत ढकलत गोळा करायचे, ड्रॉपरने उचलायचे, बारीक उरलेले चिकटपट्टीने टिपायचे. टॉर्च जमिनीलगत आडवा धरला की लपलेले चमकतात. फटीत गंधकाची पूड टाकतात, पण काळा थर फक्त वरून धरतो, टाकली म्हणजे झालं असं नाही. हे सगळं झाकणाच्या बरणीत, वर 'पारा' असं लिहून, आणि ते सिंकमध्ये, संडासात किंवा ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता धोकादायक कचरा म्हणूनच द्यायचं, कसं ते प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारा. पारा सांडलेले कपडे वॉशिंग मशीनमध्ये घालू नका.

अंगठी पांढरी पडलीच तर शेटकडे, म्हणजे सोनाराकडे, नेताना आधी सांगा की पारा लागलाय, नाहीतर तो सवयीने आगीवर धरणार आणि सगळी वाफ त्याच्या नाकात. पारद शिवलिंग हाही पारदमेळच, निव्वळ पारा घरात घट्ट राहूच शकत नाही, त्यात दुसरे धातू मिसळलेले असतात. पूजेत ठेवायचं तर ठेवा, पण त्यावरचं दूध तीर्थ म्हणून पिऊ नये असं माझं स्पष्ट मत.

धातू नदी-समुद्रात गेला की जंतू त्याचं मिथिलमर्क्युरी हे विषारी संयुग करतात, ते माशांत साठतं. जपानात मिनामाता इथे १९५६ मध्ये उघडकीला आलेला आजार मिथिलमर्क्युरीचाच, तो कारखान्याच्या सांडपाण्यातून आला होता. पाऱ्याला आळा घालणारा, त्या गावाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये लागू झाला, भारत २०१८ मध्ये सामील झाला. मोठ्या शिकारी माशांत ते जास्त, म्हणजे मोरीत (शार्क माशात) जास्त, छोट्या तारल्यांत कमी, गरोदर बाईच्या ताटात हा फरक पाळलेला बरा.

आणि गोव्यातल्या जुन्या भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, घरांतले डाग पडलेले आरसे. १९ व्या शतकापर्यंत आरशाच्या पाठीला कथिल आणि पाऱ्याचा थर देत, चांदी नंतर आली. आरसा तेवढा जुना असेल तर पाठ खरवडू नका, चौकटीच्या खालच्या कडेला आजही पाऱ्याचे बारीक थेंब साचलेले सापडू शकतात.