हीट गनने चिप 'जिवंत' होत नाही

लॅपटॉपवर गेम लावला की पडदा काळा? 'ग्राफिक्स चिपचं सोल्डर (चिप बोर्डला जोडणारा डाख) सुटलं, हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) मारा,' हा सल्ला परभणीपासून लातूरपर्यंत कुठंही मिळतो. मारल्यावर लॅपटॉप चालूही होतो, म्हणूनच हा समज टिकला.

शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळतं. हीट गनने बोर्डभर तेवढी सारखी उष्णता मिळणं कठीणच. २००८ मध्ये ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाने लॅपटॉपच्या काही चिपांच्या पॅकेजिंगमधला दोष मान्य केला होता. अशा चिपांत तडा जातो तो बहुधा आतल्या सूक्ष्म जोडांना. तापवल्यावर ते तात्पुरते टेकतात, पुन्हा सुटतात. दुरुस्ती कसली, मुदतवाढ म्हणा!

शिवाय प्रत्येक क्रॅश चिपचा नसतो. ग्राफिक्सने २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज स्वतःच ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) रीसेट करते. म्हणून आधी जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाका. मग पंखा उघडा. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते, त्यात जाळीवर धुळीचा नमदा आणि वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप). ती बदला, गेमचा फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० वर बांधा. एवढं करूनही सुरू करतानाच पडद्यावर रंगीत रेघा दिसल्या, तर मात्र चिपवर संशय घ्या.